लिंबावर अडकलेली जीप

आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती माझ्या भावाच्या कृपेने, आणि आली ती थेट बाहेरच्या खोलीत, कॉट आणि शिलाई मशीनच्या मधोमध. लाल जीप होती. बॅटरीवर चालणारी, एका लेकराने बसायची, पुढे दोन खोटे दिवे आणि मागे एक खोटी स्टेपनी. भाऊ पुण्यात नोकरीला, भाचीवर त्याचा भारी जीव. शिरूरला आमच्या भाड्याच्या घरात त्याने ते भलंमोठं खोकं फोडलं, माझ्या लेकीला उचलून आत बसवलं आणि म्हणाला, "चला साहेब, दाबा ॲक्सिलेटर."

ॲक्सिलेटर पायाखाली होता.

लेक तेव्हा पाचवं संपवत आली होती आणि तिच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. ती बसायची, हातांवर सरकत घरभर फिरायची, आणि बोलायची तर इतकी की पाहुणे लवकर उठत. चालणं मात्र नव्हतं. हे भावाला माहीत नव्हतं असं नाही; त्यानेच तिला खांद्यावर घेऊन दवाखाने पालथे घातले होते. पण दुकानात उभं राहिलं की माणसाला गाडी दिसते, ती कशाने चालते ते दिसत नाही. गाडी बघायला खोलीत जमलेले सगळे गप्प झाले. शेजारणीने तर पदर तोंडाला लावला. मला त्या गप्प बसण्याचा असा संताप आला की घरातली साखर संपलीय म्हणून सांगून मी सगळ्यांना वाटेला लावलं.

"परत करून येतो," भाऊ पडेल आवाजात म्हणाला.

लेकीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मी न्हाई उतरणार," ती म्हणाली, आणि खरंच उतरली नाही. त्या दिवसापासून तिचं जेवण जीपमध्ये, दुपारची झोप जीपमध्ये, वेणीफणीसुद्धा जीपमध्ये. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायका बॉनेटवरून पाय टाकून आत यायच्या. एकीने विचारलं, "गाडी घेतली व्हय?" मी म्हटलं, "घेतली, पण ड्रायव्हर उतरत न्हाई."

ती कशासाठी अडून बसली होती, ते तिने यथावकाश सांगितलं. दसऱ्याला आम्ही दरवर्षी सासरी, दौंडला जायचो. तिथल्या गल्लीत संध्याकाळी पोरं आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरतात, सोनं घ्या म्हणतात, पाया पडतात, हातावर काहीतरी गोड पडतं. आमची लेक हे सगळं सासऱ्यांच्या, म्हणजे तिच्या आबांच्या, कडेवरून करायची. पान तिच्या मुठीत असायचं, पण तो हात पुढे करायचे सासरे. आणि लोक पेढा ठेवायचे तो सासऱ्यांच्या तळहातावर, "हिला द्या" म्हणून. हिला म्हणजे जी समोर बसलेली असे, टकामका बघत असे आणि जिला दोन धडधाकट हात होते, तिला.

"औंदा सोनं मी देणार," लेक म्हणाली. "गाडीत बसून. आबा न्हाई, आई न्हाई, कुणीच न्हाई. मी एकटी."

दसरा महिन्यावर आला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जीप उलटी केली.

इथे माझ्या नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे काही झालं ते त्याच्या स्वभावाने झालं. तो शिरूरजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि तिथल्या सुरक्षा समितीवरही होता. समिती कारखान्याची, पण तिचा खरा अंमल आमच्या घरावर. घरात बल्ब बदलायचा तर तो आधी मेन स्विच बंद करायचा, मग कुणी तो चालू करू नये म्हणून मला स्विचपाशी पहाऱ्याला उभं करायचा. घरात आम्ही दोघंच मोठी माणसं. तो स्टुलावर आणि मी पहाऱ्यावर, तेव्हा चालू करायला येणार होतं कोण, हे मी त्याला कधी विचारलं नाही. दिवाळीत फुलबाजी पेटवायची तर एक बादली पाणी, एक बादली वाळू, आणि ओलं पोतं.

असा माणूस खेळण्यातल्या गाडीला हात लावतो म्हटल्यावर काय होणार ते मी समजायला हवं होतं. मूळ काम सोपं होतं. पायाखालचा स्विच काढायचा आणि त्याच्या वायरी लांबवून स्टिअरिंगवर हाताने दाबायचं बटण बसवायचं. बटण दाबलं की गाडी पुढे, हात काढला की गाडी उभी. स्टिअरिंग वळवताना ताणली जाऊ नये म्हणून वायर जरा सैल सोडायची, आणि जोडांवर नुसती चिकटपट्टी न गुंडाळता नळी चढवायची. तळव्याएवढं हिरवं बटण त्याने बाजारातून आणलं आणि एका रविवारी दुपारच्या जेवणाआधी हे सगळं झालंही.

पण मग आमच्या शेजारी राहणारे भाऊजी आले. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणं हा त्यांचा धंदा, आणि कुठलीही मोटर दिसली की ती आहे त्यापेक्षा जोरात फिरली पाहिजे असं त्यांना वाटायचं. त्यांनी जीपच्या सीटखालची बॅटरी बघितली आणि त्यांना हसू आवरेना.

"आवं वहिनी, हे सहा व्होल्टचं काय खेळणं. माझ्याकडं मोटरसायकलची पडलीय, बारा व्होल्टची. ती टाकू. पोरगी पार सरदवाडीला जाऊन यील."

"कशाला जाईल ती सरदवाडीला?" नवरा म्हणाला.

"जायचं न्हाई हो. पण जाता आलं पायजे का न्हाई?"

नवरा उठून उभाच राहिला. सहाच्या मोटरला बारा दिले तर वायर तापेल, वायर तापली तर प्लास्टिक वितळेल, प्लास्टिकच्या वर आपली पोरगी बसलेली असेल, आणि वितळायच्या आधी गाडी अशी उसळेल की पोरगी पाठीवर पडेल, असं सगळं त्याने त्यांना न थांबता ऐकवलं. भाऊजी हिरमुसून गेले. पण त्या बोलण्याने भीती नवऱ्याच्याच डोक्यात बसली, आणि ज्या गाडीबरोबर आमचं मांजर कंटाळत कंटाळत चाललं असतं त्या गाडीच्या सुरक्षेचं काम पुढे दसऱ्यापर्यंत चाललं.

बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज आला. तो बरोबरच होता, मलाही पटला. मग सीटच्या पाठीमागे, बाहेरच्या बाजूला, एक लाल बटण आलं, भल्या मोठ्या छत्रीसारखं. ते आपण मोठ्यांनी मागून थाप मारून दाबायचं. मग लेकीने हिरवं कितीही दाबलं तरी गाडी हलायची नाही. मी म्हटलं, अहो, हिरव्यावरचा हात काढला की गाडी थांबतेच ना? तर म्हणाला, "आन् हात काढायला विसरली तर?" मग रबरी फुगा दाबून वाजवायचा भोंगा आला. मग कारखान्यातल्या जुन्या पिवळ्या हेल्मेटला माझ्या कापडाच्या चिंध्यांचं अस्तर लागलं. आणि शेवटी आला टॅग.

टॅग म्हणजे दोरीत ओवलेली एक जाड पाटी. तिच्यावर लाल रंगात एक आडवा धरलेला पंजा आणि खाली लिहिलेलं: "काम चालू आहे. हात लावू नये." कारखान्यात मशीन उघडलं की दुरुस्ती करणारा ही पाटी मशीनला अडकवतो. नियम असा, की ज्याने अडकवली त्यानेच ती काढायची. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो, दुसऱ्याने पाटीला हात लावायचा नाही, कारण लावणाऱ्याचा जीव त्या मशीनमध्ये असतो. नवऱ्याने हे लेकीला समोर बसवून नीट समजावलं. रोज सकाळी पहिल्या पाळीला जाताना तो जीपला टॅग अडकवून जायचा, आणि दुपारी तो घरी येऊन काढेपर्यंत लेक जीपमध्ये बसून त्या पाटीकडे आदराने बघत राहायची.

मग नवऱ्याने घरासाठी दुसरा टॅग आणला, तो लेकीच्या हाती लागला.

पहिल्यांदा तो कारल्याच्या भाजीला लागला. ताटाच्या काठावर पाटी ठेवून ती हात बांधून बसली. मी पाटी उचलायला गेले तर नवरा म्हणाला, "थांब. तिनं लावलाय." मी म्हटलं, अहो, कारलं आहे ते. "नियम म्हंजी नियम. आज तू काढलास तर उद्या तिला कशाचीच खात्री ऱ्हाणार न्हाई." कारलं रात्री शेजारच्यांच्या म्हशीला गेलं. दुसऱ्या दिवशी तिने टॅग माझ्या शिलाई मशीनला लावला, कारण तिला गोष्ट ऐकायची होती, आणि एका लग्नाच्या ऑर्डरचे ब्लाउज तसेच पडून राहिले. घरात कुणाला लगाम नसावा तर नसावा, पण पाच वर्षांच्या पोरीच्या हातात सुरक्षा समितीचे अधिकार म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. नवरा मात्र खूश होता. कारखान्यातली मोठी माणसंही हा नियम इतका पाळत नाहीत म्हणायचा.

मी तरी कुठे मागे होते. जुन्या दप्तराच्या पट्ट्यांचा मी तिला खांद्यावरून येणारा पट्टा शिवला, आणि बक्कल तिला सोडता येऊ नये म्हणून पाठीमागे घातलं. कमरेला उशी लावली, दोन्ही कुशींना उशा लावल्या, पुढे छातीला गोधडीचा तुकडा लावला. सगळं बांधून झाल्यावर तिला म्हटलं, दाब आता बटण. तिने हात पुढे केला. हात बटणापर्यंत पोचेना. नवरा म्हणाला, "हे सगळ्यात सेफ झालं." मी मुकाट्याने गोधडी काढली.

जीप पहिल्यांदा हलली ती आमच्या मागच्या अंगणात. घूं असा बारीक आवाज झाला आणि ती धुण्याच्या दगडाकडे निघाली. लेकीने मागे वळून पाहिलं नाही. आजवर ती जिथे गेली तिथे कुणाच्या ना कुणाच्या छातीला टेकून गेली होती, आणि तिची पाठ अशी लांब जाताना मी कधी पाहिलीच नव्हती. तेवढ्यात नवऱ्याने मागून लाल बटणावर थाप मारली. चाचणी म्हणे. मग दर हातभर अंतरावर चाचणी झाली, आणि धुण्याच्या दगडापर्यंत पोचायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीने दौंडला निघालो. जीप टपावर टाका असं कंडक्टर म्हणाला. लेक जीपमधून उतरायला तयार नव्हती, आणि पोरीसकट टपावर टाका असं काही त्याला म्हणवेना. शेवटी जीप मधल्या वाटेत ठेवली, तिच्यात लेक, डोक्याला हेल्मेट. बॅटरी काढून नवऱ्याने मांडीवर घेतली होती, आणि तिच्या दोन टोकांना काही लागू नये म्हणून तिला टॉवेलात असं गुंडाळलं होतं की शेजारच्या म्हातारीने वाकून विचारलं, "किती महिन्यांचं हाय?" कंडक्टर न्हावरा गेलं, चौफुला आला तरी तिकिटाचा विचार करत होता. गाडीतल्या गाडीतल्या माणसाला अर्धं तिकीट की लगेज, हे त्याच्या पुस्तकात कुठे नसावं. वरवंडला उतरणारी माणसं बॉनेटवरून पाय टाकायला लागली तेव्हा लेकीने भोंगा वाजवला, आणि एसटीच्या ड्रायव्हरने दचकून एसटी बाजूला घेतली.

दौंडला दारात सासरे उभे होते, हातात लाल झेंडा.

सासरे रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाले तरी झेंड्यांशिवाय त्यांचे हात रिकामे वाटायचे, म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांतून एक हिरवा आणि एक लाल मीच त्यांना शिवून दिला होता. बाथरूम रिकामं झालं की ते हिरवा दाखवायचे. आता तर नातीची गाडी आली होती.

"ह्ये बघ," ते मुलाला म्हणाले, "तुझी बटनं तुझ्यापाशी. गार्डानं हिरवा दावल्याबिगार गाडी हलत नसती. आन् लाईन किलेर झाल्याबिगार गार्ड हिरवा दावत नसतो."

दसऱ्याच्या सकाळी सरावाला आम्ही जीप अंगणाच्या फाटकाशी आणली. गल्लीत एक कुत्रं झोपलेलं होतं. लाल. कुत्रं उठवलं तर भाजीची हातगाडी आली. लाल. हातगाडी गेली तर समोरच्या वहिनी शेंगा वाळत घालायला बसल्या. शेंगा रस्त्याच्या कडेला होत्या, वहिनी तर ओट्यावरच, पण त्या उठू शकतात असं सासऱ्यांचं म्हणणं पडलं. लाल. नवरा म्हणाला, "आप्पा, वेग बघा तरी गाडीचा. वहिनी उठतील, चहा करून पितील, तरी गाडी तिथं पोचायची न्हाई."

"माझ्या उभ्या नोकरीत एक गाडी घसरली न्हाई," सासरे म्हणाले.

"माझ्याबी डिपार्टमेंटला कुणाचं नख तुटलं न्हाई."

दोघं असे भांडत राहिले आणि दुपार झाली. दोघांचीही माया खरी होती, आणि मीही पट्टे आवळत मधे होतेच. पण फाटकात बसलेल्या पोरीचा चेहरा बघून मला कळायला लागलं होतं, की आम्ही सगळे मिळून तिला कडेवरच घेऊन उभे आहोत, फक्त कडेची जागा बदलली आहे. ती एकदाच बोलली. "संध्याकाळ कवा व्हती?" म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी पूजा मांडली. विळा, पाटा, माझी कात्री, नवऱ्याचा टेस्टर, सासऱ्यांचे झेंडे आणि शेवटी जीप. बॉनेटवर स्वस्तिक, दिव्यांना हळदकुंकू, लेकीच्या गळ्यात झेंडूचा हार आणि मांडीवर आपट्याची पानं. नारळ फुटला. मग सासूबाईंनी चारी चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. नवी गाडी लिंबू चिरडूनच उंबऱ्याबाहेर पडते. आमच्याकडे ट्रॅक्टरही असाच निघतो आणि सायकलही. याला कुणाचीच हरकत असायचं कारण नव्हतं. सासऱ्यांनी गल्ली पाहिली, आणि कधी नव्हे ते हिरवा दाखवला.

लेकीने बटण दाबलं. जीप घूं करून थरथरली आणि जागच्या जागी राहिली. लिंबू ताजं होतं, टणक होतं. तिने आणखी जोरात दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि घूं बंद पडलं.

सगळ्यांचे चेहरे उतरले. एक नवराच काय तो उजळला.

"फ्यूज उडाला," तो म्हणाला. "बघा. बरोबर उडाला. मोटर वाचली, वायर वाचली, पोरगी वाचली."

"कशापास्नं?" सासूबाईंनी विचारलं.

"लिंबापासून."

"आरं, लिंबू तिच्याच रक्षणाला ठिवलंय न्हवं."

नवऱ्याने नवीन फ्यूज घातला आणि लिंबं काढा म्हणाला. सासूबाई काढेनात. इतक्या वर्षांत या घरातून कुठलं चाक लिंबू न चिरडता गेलं नव्हतं, आणि नेमकं या लेकराच्या वेळी त्यांना धोका पत्करायचा नव्हता. बरं, अर्धी चालतील का? थोडा विचार करून त्या चालतील म्हणाल्या. लिंबं चिरली, अर्धी कापं उपडी ठेवली. घूं, थरथर, टक्. पुन्हा फ्यूज. आता सासरे म्हणाले, "रस काढा. सालीत कसली आलीय ताकद." सगळ्यांना हा तोडगा पटला. लिंबं पिळली, पिळलेला रस टाकवेना म्हणून सरबत झालं, आणि चाकांपुढे चार चिपाडं पसरून आम्ही सगळे अंगणात सरबत पीत उभे राहिलो. शेवटचा फ्यूज नवऱ्याने बसवला.

"हा उडाला तर संपलं," तो म्हणाला. "आज दुकानं बंद."

"तार गुंडाळायची की मग," सासरे सहज बोलले. "आपल्या घरच्या फ्यूजला मी कवाच तार लावलीय. एकदाबी उडाला न्हाई."

नवऱ्याच्या हातातला पेला तसाच राहिला. "घरच्या फ्यूजला?"

"व्हय. जाड तार."

पेला खाली ठेवून नवरा घरात मीटरपाशी धावला. त्याच्यामागे सासरे, आपल्या तारेच्या बचावाला. त्यांच्यामागे सासूबाई, सणासुदीला लाईट घालवू नका म्हणत. आणि त्यांच्यामागे मी, कारण मेन स्विच बंद होणार म्हणजे मला पहाऱ्याला उभं राहावं लागणार, ही सवयच झाली होती. आत बापलेकांचं जोरात सुरू झालं. घर जळालं असतं, नवरा म्हणाला. जळालं का, सासरे म्हणाले.

त्या गोंधळात मला तो आवाज ऐकू आला. घूं.

बाहेर येऊन पाहिलं तर अंगणात चिपाडं चपटी होऊन पडली होती आणि फाटक उघडं होतं. जीप गल्लीला लागली होती. पिवळं हेल्मेट, झेंडूचा हार आणि मांडीवर आपट्याच्या पानांचा ढीग.

आम्ही धावलो. पण धावायचं कशाला, चार ढांगांत आम्ही तिला गाठलंच. मग आम्हाला कळेना की पुढे काय करायचं, कारण गाडी चालतच होती आणि आमच्या नुसत्या चालण्यापेक्षाही हळू चालत होती. सासरे एका बाजूने लाल झेंडा हलवत आणि शिट्टी फुंकत चालले होते. नवरा दुसऱ्या बाजूने "हात काढ, हात काढ" म्हणत चालला होता. सासूबाईंच्या हातात अजून सरबताची पातेली होती. कुत्रं उठून वास घ्यायला आलं आणि कंटाळून पुन्हा झोपलं. शेंगांच्या वहिनींनी आम्हाला बघून शेंगांवर पदर धरला. लेक सरळ समोर बघत होती. आजवर आम्ही तिला इतक्या जवळून कधी हरवलं नव्हतं.

नवरा जीपच्या मागे जाऊन वाकला. त्याचा हात लाल बटणावर आला.

"अहो," मी म्हटलं. "राहू द्या."

"रस्ता मोकळा न्हाई."

"आपणच आहोत रस्त्यात."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गल्लीकडे. गल्लीत खरंच आमच्याशिवाय कुणी नव्हतं. त्याने हात काढून घेतला. तो हात कुठे ठेवावा हे त्याला सुचेना, म्हणून त्याने तो खिशात घातला. सासऱ्यांची शिट्टी थांबली. ते हळूहळू मागे राहिले, पार आमच्या सगळ्यांच्या मागे, कारण गार्डाची जागा शेवटी असते. तिथे उभं राहून त्यांनी लाल झेंडा गुंडाळून काखेत घातला आणि जाणाऱ्या गाडीला हिरवा दाखवला. गाडीने काही वळून पाहिलं नाही.

पहिलं घर एका म्हाताऱ्या आजींचं. उंच ओटा, चढायला पायऱ्या. लेकीने बटणावरचा हात काढला. जीप बरोबर पायरीशी थांबली.

"सोनं घ्या," तिने हाक मारली.

आजी दारात आल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मग सवयीने सासऱ्यांकडे. "आणा की तिला वर," म्हणाल्या. सासरे पुढे झाले, वाकले, दोन्ही हात तिच्या काखेत घालायला नेले.

लेकीने पानांच्या ढिगाखालून टॅग काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

झेंडूच्या हारावर तो लाल पंजा आला. काम चालू आहे. हात लावू नये.

"आप्पा, थांबा," नवरा म्हणाला.

"का?"

"टॅग लावलाय तिनं."

"आरं, पोरगी हाय ती. मशीन हाय का?"

"ज्यानं लावला त्यानंच काढायचा," नवरा म्हणाला. "नियम हाय, आप्पा."

सासरे तसेच वाकलेले राहिले, हात हवेत. मग सरळ झाले आणि एक पाऊल मागे सरकले. वर आजी, खाली लेक, मधे पायऱ्या. लेकीचा हात पान धरून पुढे झालेला होता आणि तो ती मागे घेत नव्हती. शेवटी आजींनी गुडघ्यावर हात ठेवला आणि एकेक पायरी उतरायला सुरुवात केली. त्यांना वेळ लागला. जीपपाशी येऊन त्यांनी पान घेतलं, कपाळाला लावलं, मग कनवटीचा पेढा काढला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला.

"सोन्यासारखी ऱ्हा, बाय," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी अख्खी गल्ली ओट्यावरून खाली उतरली. शेंगांच्या वहिनी उतरल्या, त्यांचे दम्याचे सासरे उतरले, ज्यांनी वर्षभर रस्त्याला पाय लावला नव्हता ते उतरले. आम्ही चौघं मागे चालत होतो, वरातीमागून घोडं तसे. लेकीने प्रत्येकाला स्वतः सोनं दिलं आणि तोंडभर बोलली. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

परत येताना बॅटरी उतरत आली. फाटकाच्या जरा अलीकडेच जीप घूं करायची थांबली. दिवेलागण झाली होती. आम्ही चौघं तिच्याभोवती उभे, आठ हात रिकामे, आणि तिच्या गळ्यात पाटी. ढकलायचं का, असं सासऱ्यांनी हळूच विचारलं. नवऱ्याने नाही म्हणून मान हलवली. मला तिला उचलून छातीशी धरायची इतकी ओढ लागली होती की मी पदर मुठीत धरला होता.

तिने आधी पेढे मांडीवर लावून ठेवले. एक आबांच्या हातावर ठेवला, "तुम्हाला," म्हणाली. मग हेल्मेट काढलं. मग पाटी गळ्यातून काढली, स्टिअरिंगला नीट अडकवली, आणि दोन्ही हात माझ्याकडे वर केले.

"आता घे," म्हणाली.

पाच वर्षं मी तिला उचलत होते. तिने बोलावलं म्हणून उचलायची ही पहिलीच वेळ होती. पाठीमागचं बक्कल सोडताना डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, आणि नवरा मागून सांगत होता, आधी लाल बटण दाब.